अल्लादियाखाँसाहेबांची गायकी: नवश्रोत्यांसाठीं

जें गाणें ऐकतांना निम्म्या मैफलीनें माना डोलवाव्या आणि उरलेल्या निम्मीनें एकमेकांच्या तोंडाकडे पाहावें, अशा एका गाण्याचा परिचय मी आज करून देणार आहें. तें गाणें कोल्हापूरच्या दरबारीं वाढलें. गाणारे होते खाँसाहेब अल्लादियाखाँ.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ सालीं राजपुतान्यांतील उणियारा येथें झाला. घराणें धृपदियांचें, तालीम चुलते जहांगीरखाँ यांची. ऐन उमेदींत, उत्तरेकडील एका छोट्या संस्थानांत असतांना, अतिरेकी गाण्यानें त्यांचा आवाज बसला. पुढें तो परतला, परंतु पूर्वींची गोडी व लवचिकपणा कायमचा गेला. गवयाचा गळा गेला म्हणजे मल्लाचा हात मोडल्यासारखेंच! या माणसानें मात्र उरलेल्या आवाजाला सोसेल, पण बुद्धीला क्षणभरही उसंत देणार नाहीं, अशी स्वतंत्र गायकी उभी केली. त्या गायकीसह ते शाहू छत्रपतींच्या आश्रयास आले आणि १९२२ सालीं महाराज निवर्तल्यावर मुंबईस गेले. १९४६ सालीं तेथेंच त्यांचा अंत झाला.

आतां वादाकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, हें गाणें म्हणजे गणित आहे. एक स्वर उमगतो न उमगतो तोंच त्याला वळसा घालून तान निघते. आकारांत गुंतलेल्या फिरती एकीतून दुसरी उमलतात, आणि लय क्षणभरही सैल पडत नाहीं. चिजेचे शब्द त्यांत बुडतात, हें खरेंच आहे. दुसरा आक्षेप रागांविषयीं. सावनी कल्याण, बसंती केदार, नट कामोद असे अनवट व जोड राग या घराण्यांत फार. नेहमींच्या मालकंसांत रिषभ व पंचम वर्ज्य. यांच्या संपूर्ण मालकंसांत ते दोन्ही हजर! हे राग परंपरेचे कीं खाँसाहेबांच्या कल्पनेचे, यावर जाणकारांत एकमत नाहीं. मला विचाराल तर रागाच्या जन्मपत्रिकेपेक्षां तो गळ्यांत कसा नांदतो, हें महत्त्वाचें.

तिसरा आक्षेप मला अधिक बोचतो. ही विद्या फार जपून, मोजक्यांनाच दिली गेली. शिष्या केसरबाई केरकर यांनींही आपली विद्या पुढें दिली ती मुख्यतः कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी यांना. केसरबाईंची भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांतून अंतराळांत गेली. गुरूंच्या आवाजाची मात्र एकही तबकडी आज आपल्यापाशीं नाहीं. ज्यांच्याविषयीं एवढें भांडायचें, त्यांना आपण ऐकूं शकतों तें केवळ शिष्यांच्या गळ्यांतून. गोविंदराव टेंबे यांनीं त्यांचें चरित्र लिहून ठेवलें, हाच काय तो दिलासा. पण चरित्रांतून तान ऐकूं येत नाहीं.

मग नव्या श्रोत्यानें सुरुवात कोठून करावी? केसरबाईंकडे एकदम जाऊं नये. त्या तबकड्या जेमतेम तीन-तीन मिनिटांच्या, आणि त्यांत नवख्याला श्वास घेण्याची सवड नाहीं. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यापासून आरंभ करावा. खाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ यांजपाशीं ते शिकले आणि १९३७ सालीं मंजीखाँ वारल्यावर त्यांचे बंधु भुर्जीखाँ यांजपाशीं. त्यांच्या दीर्घ ध्वनिमुद्रिका विपुल आहेत.

पहिल्या खेपेस रागाचें नांव ओळखण्याचा खटाटोप करूं नये. त्रितालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजाव्या आणि गवयी समेपासून किती दूर भटकतो, एवढेंच पाहावें. बहुधा तो वाट चुकला असेंच वाटेल, आणि त्याच क्षणीं तो समेवर येऊन बसलेला असेल. तीच तान पुन्हां ऐकावी. तिसऱ्या-चौथ्या वेळीं, तो येण्याच्या मात्रा-दोन मात्रा आधींच, आपला हात मांडीवर पडूं लागतो.