नवरा अमेरिकेत, बायको गावात: पत्नीच्या व्हिसाची फाईल कुठे अडते, कशी भरायची

लग्न झालं, सुट्टी संपली, जावई विमानाने परत गेला आणि मुलगी गावाकडेच राहिली. पुढे काय, हा प्रश्न मग घरात रोज निघतो. कोणी सांगतं एजंट गाठा, कोणी सांगतं दोन महिन्यांत होईल, कोणी सांगतं दोन वर्षं लागतील. अमेरिकेचे फॉर्म दिसायला मोठे असले तरी भरायला फार अवघड नाहीत. घोळ होतो तो बहुतेक वेळा आपल्याकडच्या कागदांत. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला आणि पासपोर्ट या तिघांत नाव आणि तारीख जुळत नाही, म्हणून फाईल मागे येते.

आधी जावयाचं स्टेटस विचारा

मुलगा 'अमेरिकेत आहे' एवढ्यावर काही ठरत नाही. तो अमेरिकेचा नागरिक असेल किंवा त्याच्याकडे ग्रीन कार्ड असेल, तरच तो बायकोसाठी आय-१३० नावाचा अर्ज करू शकतो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर रस्ता वेगळा. बायको त्याच्यावर अवलंबून म्हणून एच-४ व्हिसावर जाते आणि खालची प्रक्रिया तिला लागू होत नाही. नागरिकाच्या बायकोला वर्षाच्या कोट्याची रांग नसते. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला असते. तिथलं परराष्ट्र खातं दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन' काढतं, त्यात नंबर कुठवर आला ते कळतं. मधल्या काळात नवरा नागरिक झाला तर ते लगेच कळवायचं, म्हणजे रांग सुटते. बायको तिकडे आणि नवरा गावात असेल तरी नियम हेच.

सोयरीक ठरवतानाच हे कागद बघायला मागण्यात लाज वाटायचं कारण नाही. मुलाचं आधी लग्न होऊन घटस्फोट झाला असेल तर त्याचा कोर्टाचा हुकूम अर्जाला जोडावाच लागतो. तो हुकूम मुलीकडच्यांनी लग्नाआधी बघितलेला बरा. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर लागलेलं लग्न, ज्यात दोघं एका ठिकाणी हजर नव्हते, ते नंतर पती-पत्नी म्हणून एकत्र आल्याशिवाय अमेरिकेचा कायदा धरत नाही.

गावाकडचे कागद

जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, वडिलांच्या गावात नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे पद्धत. त्यामुळे मुलगी वाढली एका तालुक्यात आणि तिची नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत, नाहीतर ज्या दवाखान्यात जन्म झाला त्या गावच्या किंवा शहराच्या दप्तरात. चुकीच्या ग्रामपंचायतीत चार हेलपाटे मारण्याआधी आईला किंवा आजीला विचारून घ्यावं. नोंद सापडते, पण पुष्कळदा 'बाळाचं नाव' हा रकाना रिकामा असतो, कारण नोंद झाली तेव्हा बारसं झालेलं नव्हतं. तो रकाना शाळेच्या पुराव्यावर निबंधकाकडून भरून घ्यावा लागतो. नोंदच नसेल तर तसा लेखी दाखला घ्यायचा आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला व जन्माची माहिती असलेल्या थोरांची प्रतिज्ञापत्रं जोडायची.

दुसरी गंमत १ जूनची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. पासपोर्ट त्या दाखल्यावर निघाला असेल आणि ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला खरी तारीख ऑक्टोबरची असेल, तर मुलाखतीच्या टेबलावर एकाच माणसाच्या दोन जन्मतारखा दिसतात. असा फरक असेल तर अर्ज टाकायच्या आधी दुरुस्ती करून घ्यावी. त्यात चार-सहा महिने गेले तरी चालतील, नंतर त्याहून जास्त जातात.

लग्नाचा दाखला म्हणजे पत्रिका नव्हे आणि मंगल कार्यालयाची पावतीही नव्हे. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नाची नोंद ९० दिवसांत करायची असते. गावात हे काम ग्रामसेवकाकडे असतं. दोघांची सही, तीन साक्षीदार, फोटो, पत्रिका आणि लग्न लावणाऱ्याची माहिती लागते. ९० दिवसांनंतरही नोंद होते, फक्त जादा पैसे भरावे लागतात. नवरा थोड्या दिवसांच्या सुट्टीवर आलेला असतो, म्हणून हे काम सत्यनारायणाच्या आधी उरकावं. तो परत गेल्यावर त्याच्या सहीसाठी सगळं अडून बसतं.

आता नावाचं. समजा मुलगी माहेरची सुनीता आणि लग्नात नाव ठेवलं आरती. पासपोर्ट सुनीताचा, दाखल्यावर 'आरती ऊर्फ सुनीता', बँकेत तिसरंच काही. अमेरिकेच्या व्हिसासाठी नवऱ्याचं नाव किंवा आडनाव लावण्याची सक्ती नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट चालतो. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं हेही एकदा ठरवून सगळीकडे तसंच लिहावं. फॉर्ममध्ये 'पूर्वी वापरलेली इतर नावं' असा रकाना आहे. त्यात सगळी नावं लिहायची, एकही लपवायचं नाही. मराठीतल्या कागदाला इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण व बरोबर आहे, असं भाषांतर करणाऱ्याने सहीनिशी लिहून द्यावं लागतं.

फॉर्म कोण भरतो, पैसे किती

आय-१३० नवरा अमेरिकेतून भरतो. सोबत आय-१३०ए जातो, त्यात बायकोचे मागच्या पाच वर्षांचे पत्ते, कामधंदा आणि आई-वडिलांची माहिती असते. बायको परदेशात असेल तर आय-१३०एवर तिची सही लागत नाही, माहिती मात्र पूर्ण लागते. तारीख लिहिताना जपावं. तिकडे आधी महिना आणि मग दिवस लिहितात. आपण ५ ऑगस्ट म्हणून लिहिलेलं ०५/०८ तिकडे ८ मे होतं, आणि कागद जुळत असूनही अर्ज जुळत नाही.

अर्ज मंजूर झाला की फाईल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे डीएस-२६० हा फॉर्म ऑनलाईन भरायचा, कागद अपलोड करायचे आणि नवऱ्याने आय-८६४ हे हमीपत्र द्यायचं. पोलिसांचा चारित्र्य दाखला पासपोर्ट सेवेच्या वेबसाईटवरून काढायचा, त्याची फी ५०० रुपये. या सेंटरच्या ईमेलकडे दुर्लक्ष करू नये. वर्षभर काहीच संपर्क नसेल तर केस बंद करण्याची कारवाई सुरू होऊ शकते. ईमेल पत्ता एजंटचा न देता घरचा द्यावा, ही साधी गोष्ट पुष्कळजण विसरतात.

सरकारी फी अशी: एप्रिल २०२४ च्या दरपत्रकाप्रमाणे आय-१३० ऑनलाईन भरला तर ६२५ डॉलर, कागदावर ६७५. पुढे व्हिसाचे ३२५, हमीपत्राचे १२० आणि व्हिसा मिळाल्यावर ग्रीन कार्डचे २३५. ऑनलाईन धरून सगळे मिळून १,३०५ डॉलर. मेडिकल, भाषांतर, मुंबईचं जाणं-येणं वेगळं. दर बदलतात, म्हणून भरण्याआधी सरकारी साईटवर बघावं. अशा सरकारी साईटच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह' असतं.

हमीपत्रात नवऱ्याची कमाई तिथल्या गरिबीच्या रेषेच्या किमान सव्वापट दाखवावी लागते. २०२५ च्या आकड्यांप्रमाणे दोघांच्या कुटुंबासाठी ती वर्षाला साधारण २६,४३७ डॉलर होते. कमी पडली तर अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला सहहमीदार होऊ शकतो. कमाई पुरेशी असेल तर गावचा सातबारा आणि जमिनीचं मूल्यांकन जोडत बसण्याची गरज नाही.

हे हमीपत्र मुलीकडच्यांनी समजून घेण्यासारखं आहे. तो कायदेशीर करार असतो. बायको नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या नावावर कामाच्या ४० तिमाही, म्हणजे साधारण दहा वर्षं, जमा होईपर्यंत तिच्या किमान पालनपोषणाची जबाबदारी हमीदारावर राहते. ती अमेरिका कायमची सोडून गेली किंवा दोघांपैकी कोणी वारलं तर संपते, पण घटस्फोटाने संपत नाही. त्याची एक प्रत मुलीकडे असू द्यावी.

मुलाखत आणि त्यानंतर

मुलाखतीआधी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच मेडिकल करायचं. त्यांनी हातात बंद पाकीट दिलं तर ते फोडायचं नाही. मुंबईचं अमेरिकन वाणिज्य दूतावास वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. अधिकाऱ्याला मुख्य गोष्ट तपासायची असते ती ही, की हे लग्न खरं आहे की कागदावरचं. त्यासाठी नुसते स्टुडिओतले फोटो कामाचे नाहीत. हळदीतले, जेवणावळीतले, दोन्हीकडच्या नातेवाइकांसोबतचे फोटो, तारखेसह व्हॉट्सअॅपचे मेसेज, फोनची बिलं, नवऱ्याने पाठवलेले पैसे, त्याची विमानाची तिकिटं, असं सगळं लग्नाच्या दिवसापासूनच एका फोल्डरमध्ये साठवत जावं. फोन बदलला की मेसेज जातात.

एजंटने 'हे असं लिहू, कोणाला कळतंय' म्हटलं तर तिथेच थांबावं. खोटा दाखला किंवा महत्त्वाची खोटी माहिती पकडली गेली तर अमेरिकेत जायला कायमची बंदी येऊ शकते, आणि ती एजंटवर नाही, मुलीवर येते. फाईल चालू असताना 'तोवर फिरायला म्हणून जाऊन ये' हा सल्लाही महागात पडतो. पर्यटक व्हिसाच्या अर्जात आय-१३० दाखल असल्याचं खरं सांगावं लागतं आणि तो व्हिसा नाकारला जाण्याची शक्यता मोठी असते.

अमेरिकेत पाय ठेवला त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा. घटस्फोट झाला असेल किंवा घरात मारहाण होत असेल, तर बायको हा अर्ज एकटीनेही करू शकते, आणि तेव्हा ९० दिवसांची वाट पाहावी लागत नाही. 'सही करणार नाही, परत पाठवीन' ही धमकी ऐकून गप्प बसणाऱ्या मुलींना हे माहीत नसतं. राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय विवाहांसाठी वेगळा कक्ष आहे, माहेरचे लोक गावातूनही तिथे तक्रार करू शकतात. मुलीचा पासपोर्ट, ग्रीन कार्ड, लग्नाचा दाखला आणि हमीपत्र या चारही कागदांचे फोटो माहेरच्या एका तरी फोनमध्ये असावेत.