काचपेपर हातात घेण्याआधी : पहिल्या महायुद्धातली हेल्मेटं आणि पुराव्याची गोष्ट

इतिहासातला पुरावा म्हटलं की आपल्याला आधी कागद आठवतो. पत्रं, दफ्तरं, सरकारी अहवाल. पण वस्तूही पुरावा असते, आणि ती जपताना आपणच तो पुरावा पुसून टाकू शकतो. आज त्याबद्दल लिहितोय, आणि उदाहरण घेतलंय पहिल्या महायुद्धातल्या पोलादी हेल्मेटांचं. प्रश्न साधा आहे: जुनं हेल्मेट जपायचं म्हणजे त्यातलं नक्की काय जपायचं?

आधी थोडा इतिहास

1914 साली युद्ध सुरू झालं तेव्हा फ्रेंच आणि ब्रिटिश सैनिकांच्या डोक्यावर कापडी टोप्या होत्या आणि जर्मनांच्या डोक्यावर चामड्याचं टोकदार पिकेलहाउबे. खंदकातल्या लढाईत तोफगोळ्यांचे तुकडे वरून पडायला लागले आणि डोक्याच्या जखमा प्रचंड वाढल्या. 1915 मध्ये फ्रान्सने ऑग्युस्त-लुई आद्रियाँ यांचं हेल्मेट आणलं. त्याच वर्षी जॉन ब्रॉडी यांनी लंडनमध्ये उथळ ताटलीसारख्या हेल्मेटचं पेटंट घेतलं. जर्मन ‘श्टालहेल्म’ 1916 चं. त्याच्यामागे हॅनोवरच्या तंत्रशाळेतले फ्रीडरिश श्वेर्ड होते, आणि ते मोठ्या संख्येने पहिल्यांदा दिसलं वेर्दंच्या लढाईत.

या विषयावरचं एक महत्त्वाचं सुरुवातीचं पुस्तक 1920 साली बॅशफर्ड डीन यांनी लिहिलं. डीन मूळचे प्राणिशास्त्रज्ञ, माशांचे अभ्यासक! पुढे ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये शस्त्र आणि चिलखत विभागाचे क्युरेटर झाले. विज्ञानातून इतिहासाकडे वळणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

रंग म्हणजे दस्तऐवज

गंजलेलं हेल्मेट हाती आलं की बहुतेकांचा पहिला विचार काय असतो? वायर ब्रशने घासू, काचपेपर मारू, वरून नवा रंग देऊ. वस्तू चकचकीत होते खरी, पण ती बोलायची थांबते.

ब्रॉडी हेल्मेटचंच बघा. सुरुवातीच्या हेल्मेटांवर दोन मोठ्या तक्रारी होत्या: गुळगुळीत पृष्ठभाग उन्हात चमकतो आणि कड धारदार आहे. म्हणून 1916 च्या सुधारित नमुन्यात रंग खरखरीत केला गेला आणि कडेला पट्टी बसवली. म्हणजे तो खरखरीतपणा ही घाण नाही, आघाडीवरून आलेल्या तक्रारीला दिलेलं ते उत्तर आहे. काचपेपरने ते दहा मिनिटांत जातं.

इटलीने आद्रियाँचं हेल्मेट वापरलं. फ्रान्सकडून आलेली काही हेल्मेटं मूळच्या निळ्या रंगातच होती, ती वरून राखाडी-हिरवी रंगवली गेली. खरवडलेल्या जागी खालचा निळा दिसतो, तेव्हा त्या वस्तूचा प्रवासच थरांत वाचता येतो. जर्मन हेल्मेटांवर रंगीत कोनाकृती पट्टे रंगवायचा आदेश जुलै 1918 चा. असे पट्टे असलेल्या हेल्मेटांना बाजारात जास्त भाव मिळतो, म्हणून नकलाही भरपूर होतात. अस्सल-नक्कल ठरवायला जुना रंग आणि त्याची झीज हाच आधार असतो.

आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. त्यामुळे घासणं तब्येतीलाही धोक्याचं.

एक वस्तू, दोन स्वभाव

माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानातलं, त्यामुळे मला खरी मजा इथे येते. हेल्मेट म्हणजे नुसतं पोलाद नव्हे. आत चामडं, कापड, लोकर, कधी रबर असतं. पोलादाला कोरडी हवा हवी. त्यातही घामातलं मीठ पत्र्यावर राहिलं असेल तर त्यातले क्लोराइड आयन ओलावा धरून ठेवतात आणि गंज आतून चालूच राहतो. चामड्याचं मात्र उलट. हवा फार कोरडी झाली की ते आक्रसतं, कडक होतं, तडकतं. फार दमट झाली की बुरशी.

मग करायचं काय? दोघांनाही पूर्ण खूश करता येत नाही. साधारण 40 ते 50 टक्के सापेक्ष आर्द्रता हा तडजोडीचा आकडा, आणि ती सारखी वरखाली न होणं तितकंच महत्त्वाचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या कपाटात हे जमत नाही. घट्ट झाकणाचा पॉलिप्रोपिलीनचा डबा, आत सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर, एवढ्यावर बरंच काम भागतं.

चामड्यावर तेल चोळायचा मोहही टाळावा. झाडाच्या सालीने कमावलेलं जुनं चामडं हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे लाल भुकटी होऊन झडायला लागतं. ते तेलाने परत जुळत नाही, उलट काळं पडतं आणि धूळ धरतं. पितळी रिव्हेट चामड्याला टेकतो तिथे हिरवा मेणचट थर दिसला, तर तो चामड्यातल्या स्निग्धांशाची तांब्याशी झालेली अभिक्रिया असते. तेल घातलं की तिला आणखी खाद्य.

ठेवताना

हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्याने खुंटीला टांगू नका. शंभर वर्षांच्या चामड्यावर अख्ख्या पोलादाचं वजन येतं. एकात एक रचूही नका. आतून आम्लरहित कागदाच्या गुंडाळ्यांचा आधार द्या, पण वजन अस्तरावर न येता पत्र्यावर येईल असं बघा. वर्तमानपत्राचा कागद नको, तो आम्लधर्मी असतो. ओक लाकडातून ॲसिटिक आम्लाची वाफ येते आणि पीव्हीसीतून क्लोरीनयुक्त आम्ल, म्हणून तेही नको. हात लावताना नायट्राइलचे हातमोजे घाला. धूळ मऊ ब्रशने झटका, बाकी काही करण्याआधी फोटो आणि नोंद.

आपल्यासाठी यात काय आहे?

एक छोटा प्रयोग सांगतो. ब्रॉडीचे अगदी सुरुवातीचे नमुने साध्या पोलादाचे होते, पण 1915 संपायच्या आतच हॅडफील्डचं मँगनीज पोलाद वापरात आलं. त्यात साधारण 12 टक्के मँगनीज असतं आणि त्याला चुंबक चिकटत नाही. 1916 मध्ये कडेला बसवलेल्या साध्या पोलादाच्या पट्टीला मात्र चिकटतो. एक छोटा चुंबक कपड्यात गुंडाळून अलगद जवळ नेला, की ओरखडाही न पाडता पत्रा कुठला असावा याचा अंदाज येतो.

संशोधनात आपण कच्चा डेटा कधी बदलत नाही, त्याची प्रत काढून तिच्यावर काम करतो. वस्तूची प्रत काढता येत नाही. म्हणून तिच्या बाबतीत नियम जास्त कडक: उलटवता येणार नाही असं काही करायचं नाही, आणि जे केलं ते लिहून ठेवायचं. आज आपल्याला निरुपयोगी वाटणाऱ्या गंजातून, घामाच्या डागातून पुढचा संशोधक काय विचारेल ते आपल्याला माहीत नाही. त्याचा प्रश्न शिल्लक ठेवणं, माझ्या मते, जतन म्हणजे एवढंच.