गिऱ्हाइकांची वही

जुनी मराठी मासिकं हाती आली की मजकुराआधी मी जाहिराती वाचतो. लेखातली मतं कधीच शिळी झालेली असतात, जाहिरातीतला माणूस मात्र अजूनही घाईत असतो. त्याला माल खपवायचा असतो. सुगंधी तेल, दंतमंजन, व्यायामाची पुस्तकं, भिंतीवरची घड्याळं. आणि कित्येक जाहिरातींच्या तळाशी थोड्याफार फरकानं तीच विनंती असते: नाव आणि पूर्ण पत्ता स्वच्छ अक्षरात लिहा, माल व्ही. पी.नं पाठवू.

आज छोट्या धंदेवाल्याला चहूकडून सल्ला मिळतो की पेज काढा, रील टाका, फॉलोअर वाढवा. तो ऐकला की मला ही तळाची ओळ आठवते. जाहिरातीचा इतिहास आपण सहसा माध्यमांचा इतिहास म्हणून सांगतो. आधी दवंडी, मग छापील कागद, रेडिओ, टीव्ही आणि शेवटी मोबाइल. छोट्या धंद्यापुरता तरी तो मला एका वहीचा इतिहास वाटतो. आपला माल कोण घेतं, ते कुठे राहतं, त्यांना पुन्हा कसं गाठायचं, हे जिच्यात लिहिलेलं असतं ती वही. ती कोणाच्या गल्ल्यात असते, यावर बरंच काही ठरत आलं आहे.

छापखान्याआधी ही वही डोक्यात असे. गावच्या बलुतेदाराला जाहिरातीची गरज नव्हती, कारण त्याची घरं ठरलेली होती. फिरत्या कल्हईवाल्याला किंवा बोहारणीला आपली आळी आणि आपली हाळी पुरत असे. वाण्याकडे मात्र खरीखुरी वही होती, उधारीची. कोणाकडे पगार कधी होतो, कोणाच्या घरी लग्न निघालंय, कोण गूळ नेतं आणि कोण साखर, हे सगळं त्या खतावणीत नकळत लिहिलं जाई. ‘बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही’ असं आपण म्हणतो. पण नुसतं बोलून भागत नसे. कोणाशी बोलायचं, हेही ठाऊक असावं लागे.

छापील कागद आला आणि आवाज माणसापेक्षा लांब जाऊ लागला. १७८० मध्ये कलकत्त्यात निघालेल्या हिकीच्या वृत्तपत्राच्या लांबलचक नावातच ‘अ‍ॅडव्हर्टायझर’ हा शब्द होता. ६ जानेवारी १८३२ला बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं आणि मराठीत छापील बातमीची सवय सुरू झाली. पुढे पत्रांची संख्या वाढली तशा जाहिराती वाढल्या. मात्र त्यातून एक नवी अडचण उभी राहिली. मुंबईतल्या व्यापाऱ्याचे शब्द खानदेशातल्या वाचकापर्यंत पोचले, पण माल कसा पोचणार? पैसे आधी कोण देणार? ज्याला कधी पाहिलेलं नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

हे कोडं सोडवलं ते पोस्टानं, आणि तेही अवघ्या तीन-चार वर्षांत. १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पोस्ट म्हणजे व्ही. पी. सुरू झालं. १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. १८८० पासून मनीऑर्डरीचं काम पोस्टाकडे आलं. या तिन्हींची सांगड घालून पाहा. गिऱ्हाइकानं पाव आण्यात मागणी कळवायची, व्यापाऱ्यानं पार्सल रवाना करायचं, पोस्टमननं दारात किंमत वसूल करूनच ते हाती द्यायचं आणि ती रक्कम पोस्टानं व्यापाऱ्याकडे धाडायची. गिऱ्हाईक आगाऊ पैसे देत नाही आणि व्यापारी उधार देत नाही. दोघांचा एकमेकांवर विश्वास नसला तरी चालेल, पोस्टमनवर असला की पुरे. २०१० मध्ये फ्लिपकार्टनं ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ सुरू केली तेव्हा ती फार नवी कल्पना वाटली. तिचे पणजोबा आपल्याच पोस्टात होते.

या व्यवस्थेत एक गोष्ट सहज नजरेआड होते. जाहिरात वर्तमानपत्रात छापून येई, पण उत्तर वर्तमानपत्राकडे जात नसे. पोस्टकार्ड थेट व्यापाऱ्याच्या पत्त्यावर येई. कोणत्या गावच्या कोणत्या माणसानं काय मागवलं हे संपादकाला कधी कळत नसे, व्यापाऱ्याला मात्र ते अक्षरासकट कळे. काही हुशार जाहिरातदार आपल्या पत्त्यात प्रत्येक मासिकासाठी वेगळा विभाग क्रमांक टाकत. पाकिटावरचा क्रमांक पाहिला की कोणत्या मासिकातल्या जाहिरातीनं गिऱ्हाईक आणलं ते समजे. आज ज्याला ट्रॅकिंग म्हणतात त्याचा हा बिनविजेचा अवतार, आणि मोजणी धंदेवाल्याच्या टेबलावर होई. पत्ते वहीत उतरत, पुढच्या दिवाळीला सूचीपत्र त्याच पत्त्यांवर जाई. वर्तमानपत्र बंद पडलं तरी वही शाबूत राहत असे.

ही वही किती दूर नेऊ शकते याचं मराठीतलं ठसठशीत उदाहरण किर्लोस्करांचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, म्हणजे सुरुवात तुमच्या-माझ्या गल्लीतल्या दुकानासारखीच. पुढे ते कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवू लागले. लोखंडानं जमीन नासेल, या भीतीनं शेतकरी सुरुवातीला नांगर घेत नव्हते. त्यात बेळगावची जागा नगरपालिकेनं सोडायला लावली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. दुसऱ्याच्या जागेवर बसलेला धंदा एका हुकुमानं कसा उठतो, हे त्या घरानं सोसलं होतं.

१९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवणारं पत्रक, एवढाच तिचा मूळ जीव. पण नांगराचं वर्णन दर महिन्याला कोण वाचणार? म्हणून उपयुक्त माहिती आली, लेख आले, गोष्टी आल्या. हळूहळू लोक नांगर न घेताही खबर वाचू लागले. पुढे तिचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० मध्ये ‘स्त्री’ निघालं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांचं वाचन या मासिकांनी घडवलं. आजचे मार्केटिंगवाले ज्याला ‘कंटेंट’ म्हणतात ते शंभर वर्षांपूर्वी सांगली भागातल्या माळरानावर चाललं होतं. वर्गणीदारांची यादी, छापखाना आणि मजकूर, तिन्ही स्वतःचे.

हा काळ सोन्याचा होता असं मात्र म्हणवत नाही. त्याच व्ही. पी.च्या वाटेनं भंपक औषधं, वशीकरणाच्या अंगठ्या आणि आठ दिवसांत ताकद देणाऱ्या गोळ्याही घरोघर गेल्या. पैसे भरल्याशिवाय पार्सल फोडता येत नसे आणि फोडल्यावर फसगत कळे. अशा जाहिरातींना आळा घालायला १९५४ मध्ये औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. शिवाय वही ठेवणं हे भांडवल असलेल्याचं काम होतं. सूचीपत्र छापायला पैसे लागत, पार्सल नाकारलं गेलं तर टपालखर्च अंगावर पडे. घरात पापड लाटणाऱ्या बाईला हे परवडणारं नव्हतं. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जतचा आरंभ केला तेव्हा त्यांचे पापड आधी एका व्यापाऱ्याच्या दुकानातूनच लोकांपर्यंत गेले. गिऱ्हाइकं व्यापाऱ्याची, मेहनत बायकांची. त्या संस्थेनं पुढे स्वतःचं नाव कमावलं, पण प्रत्येक घरगुती धंद्याला ते जमलं नाही.

म्हणूनच मोबाइलनं जे दिलं त्याला मी नाक मुरडत नाही. फेसबुकनं २००७ मध्ये धंद्यांसाठी पेजं सुरू केली. २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, आणि जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॅप बिझनेस आलं. गोडा मसाला करणारी गृहिणी, पैठणी विणणारं कुटुंब, पत्रिका छापणारा तालुक्यातला छापखाना, यांना पहिल्यांदाच छपाईचा खर्च न करता मालाचा फोटो हजारो लोकांना दाखवता आला. दुकानाचा गाळा नाही, पागडी नाही, मधला व्यापारी नाही. हे दार आधीच्या कुठल्याही माध्यमानं इतकं सताड उघडलं नव्हतं.

पण दारातून आत आलेल्यांच्या नोंदी कोण ठेवतंय? पेजला दहा हजार फॉलोअर असतात, पण त्यांतल्या एकाचाही पत्ता पेजवाल्याकडे नसतो. दहा हजार हा फक्त आकडा, नावं कंपनीच्या वहीत. नोव्हेंबर २०१४ मध्ये फेसबुकनं जाहीर केलं की पेजवरच्या निव्वळ विक्रीच्या पोस्ट जानेवारी २०१५ पासून लोकांना कमी दिसतील. ज्यांनी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना ‘आमचं पेज लाइक करा’ म्हणून विनवलं होतं, त्यांना आपल्याच गिऱ्हाइकांपर्यंत पोचण्यासाठी पैसे भरणं आलं. तोही दर छापील नव्हे. वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातीला शब्दागणिक दर असे, तो आधी कळे, वहीत मांडता येई. इथे जाहिरातीची जागा लिलावात जाते. दिवाळीच्या तोंडावर फराळ विकणारी बाई त्याच लिलावात उभी असते, जिथे देशभरातले मोठे ब्रँड बोली लावत असतात.

जागा उठण्याचे प्रसंगही आले. २९ जून २०२० रोजी सरकारनं टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. बंदीची कारणं काहीही असोत, तिथे खेड्यापाड्यांतल्या लोकांनी जमवलेला प्रेक्षक एका दिवसात नाहीसा झाला. तो सोबत नेण्याची सोय नव्हती, कारण कोणाचा नंबर कोणाकडे नव्हता. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॅप तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडले. ज्यांच्या ऑर्डरी फक्त तिथेच येत होत्या त्यांचं दुकान तेवढा वेळ बंद होतं आणि शटरची किल्ली हजारो मैल दूर होती.

याच काळात कोकणात वेगळं काही घडलं. हापूसच्या बागायतदाराचा माल पिढ्यानपिढ्या बाजारात दलालाकडे जात आला. पेटी कोणाच्या घरी फुटली, आंबा कोणाला आवडला, हे त्याला कळायचा मार्गच नव्हता. २०२०च्या टाळेबंदीत ऐन हंगामात ही साखळी विस्कटली. तेव्हा अनेक बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांशी फोनवर आणि व्हॉट्सॅप ग्रुपवर थेट संधान बांधलं. कोणाच्या भाच्यानं, कोणाच्या शाळेतल्या मित्रानं आपल्या इमारतीतल्या लोकांची नावं गोळा केली, आणि टेम्पो सोसायटीच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. ज्यांनी त्या वेळी नाव, नंबर, किती डझन आणि कोणत्या इमारतीत हे टिपून ठेवलं, त्यांना पुढच्या मार्चमध्ये कोणाला फोन करायचा हे ठाऊक होतं. ज्यांनी नुसत्या ग्रुपवर भिस्त ठेवली, त्यांना पुन्हा नव्यानं माणसं शोधणं भाग होतं.

व्हॉट्सॅपही कंपनीचंच आहे हे मला मान्य आहे. पण त्याच्या ब्रॉडकास्ट यादीचा एक जुना नियम मला बोलका वाटतो. एका यादीत २५६ माणसं, आणि निरोप पोचतो तो फक्त ज्यानं आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलाय त्यालाच. म्हणजे आपण गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं आणि गिऱ्हाइकानं आपलं. वाण्याच्या खतावणीतही हेच होतं, पोस्टकार्डाच्या व्यवहारातही हेच. शिवाय फोन नंबर अ‍ॅपबरोबर मरत नाही. उद्या अ‍ॅप गेलं तर साधा फोन लावता येतो.

ओळखीतलं कोणी नवा धंदा काढतं आणि रील कशी करावी विचारतं, तेव्हा मी उलट विचारतो: आजवर घेतलेल्या पहिल्या पन्नास जणांचे नंबर कुठे लिहिलेत? बहुतेकांचे चॅटमध्ये विखुरलेले असतात. रील जरूर करावी, त्याशिवाय अनोळखी माणूस येणार कुठून? पण एकदा आलेला माणूस अनोळखी राहू नये, एवढं काम रील करत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं: विचारून, परवानगी घेऊन, तारीख आणि माल टिपून.

पुण्यातल्या जुन्या दुकानांवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी असे, तिची आपण यथेच्छ टिंगल केली. त्या पाटीत ताठा होता, पण एक हमीही होती, की आमच्याकडे यायचं तर याच दारात यावं लागेल आणि आम्ही इथेच भेटू. आज शाखा हव्या तेवढ्या काढता येतात, सगळ्या परक्या जागेत, बिनभाड्याच्या म्हणून मिळालेल्या. त्या जरूर काढाव्यात. गिऱ्हाइकांची वही मात्र मूळ दुकानातच ठेवावी.