बागेतील लाकडी शेड

अवजारे, कुंड्या व बियाणे ठेवण्यासाठी घरामागील बागेत उभारलेली छोटी लाकडी खोली. ब्रिटनमध्ये ती घरमालकाने स्वतः बांधण्याची प्रथा रुळलेली आहे. इंग्लंडमध्ये हद्दीपासून 2 मीटरच्या आतील शेडची उंची 2.5 मीटरपर्यंत ठेवून इतर अटी पाळल्या, तर सहसा वेगळी नियोजन-परवानगी लागत नाही.

शेडचे आयुष्य लाकडाच्या जाडीपेक्षा पाया व पाण्याचा निचरा यांवर अधिक ठरते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते. लाकडातील आर्द्रता 20 टक्क्यांखाली राहिली की सहसा तिचे काही चालत नाही. म्हणून तळाच्या वाशांखाली हवा खेळती ठेवतात, आडव्या फळ्या एकीवर एक चढवून ठोकतात आणि छपराची वळचण भिंतीबाहेर काढतात. दाबाखाली रसायन मुरवलेले लाकूड वापरल्यास ही काळजी अनावश्यक ठरते, असा आक्षेप घेतला जातो. परंतु रसायन मुख्यतः बाहेरच्या थरातच मुरते. फळी कापताच आतला गाभा उघडा पडतो आणि कापलेल्या टोकांना पुन्हा संरक्षक द्रव लावावा लागतो. काँक्रीटचा पायाही आपोआप सुरक्षित नसतो : तो भिंतीबाहेर आला, तर त्यावर आदळणाऱ्या पावसाचे शिंतोडे खालच्या फळ्या भिजवतात. त्यामुळे स्वतः बांधणाऱ्याने महाग लाकूड घेण्याआधी जमीन सपाट करणे व पाण्याला वाट काढून देणे यांवर श्रम आणि पैसा खर्च करावा.