उदगीरच्या विजेत्याचा तोतया : कुलरहस्यकथांच्या आकर्षणाची मीमांसा

नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या मार्गावर नायगाव आहे. त्याच्या नैर्ऋत्येस, आजच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरचा भुईकोट किल्ला येतो. या मुलखात फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवराव भाऊंनी निजामाच्या सैन्याला कोंडीत पकडून तह करावयास लावले आणि सुमारे साठ लक्षांचा मुलूख, दौलताबाद व अशीरगड यांसारख्या किल्ल्यांसह, मिळविला. पेशव्यांच्या सेनापतित्वाचा लौकिक यापूर्वी क्वचितच इतका वाढला असेल. त्यानंतर एक वर्षही पुरे लोटले नव्हते तोच, १४ जानेवारी १७६१ रोजी, हा सेनापती पानिपतच्या गर्दीत दिसेनासा झाला. मराठी इतिहासातील सर्वांत विलक्षण कुलरहस्याचा उगम या 'दिसेनासा झाला' या शब्दांत आहे.

रणांगणावर सापडलेल्या एका शिरविरहित धडाला भाऊंचे मानून अग्नी देण्यात आला. परंतु दक्षिणेत ती वार्ता सर्वांना पटली नाही. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्याची चिन्हे स्वीकारली नाहीत, आणि पेशव्यांच्या घराण्याने त्यांचा तो निश्चय मोडला नाही. एका स्त्रीच्या कपाळावरील कुंकू हे येथे केवळ खाजगी दुःखाचे वा आशेचे चिन्ह राहिले नाही. ते पाहणाऱ्या प्रत्येकास शनिवारवाड्यातच अद्याप निर्णय झालेला नाही असे म्हणता येत होते. पुढे थोड्याच वर्षांत बुंदेलखंडाकडील एक कनोजा ब्राह्मण आपणच भाऊ असल्याचे सांगत पुढे आला. त्याचे नाव निरनिराळ्या साधनांत निरनिराळे आढळते, आणि तोतयाच्या बाबतीत हे एका अर्थी योग्यच होय. थोरल्या माधवरावांनी त्याला पकडून कैदेत ठेविले. देहदंड दिला नाही.

१७७६ साली हा मनुष्य रत्नागिरीच्या बंदोबस्तातून बाहेर पडला, आणि तेथील अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यांचेच त्याला साहाय्य झाले. पाहता पाहता कोकणातील अनेक किल्ले त्याच्या हाती आले व त्याची फौज बोरघाट चढून आली. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी तिचा मोड केला. तोतया समुद्रमार्गे पळत असता रघूजी आंग्रे यांनी त्यास धरिले. पुण्यात रामशास्त्री प्रभृतींच्या समोर चौकशी होऊन डिसेंबर १७७६ मध्ये त्याला मृत्युदंड देण्यात आला.

या बंडाचा उल्लेख बहुधा लोकांच्या भोळेपणाचा दाखला म्हणून केला जातो. तो निष्कर्ष घाईचा वाटतो. नारायणरावांच्या खुनानंतर (३० ऑगस्ट १७७३) रघुनाथराव व कारभारी मंडळ यांच्यात दौलत दुभंगली होती. ज्यांना कारभाऱ्यांचा अंमल नको होता त्यांना भाऊंचे नाव सोयीचे होते. याहून खोल कारण पानिपतातच शोधावे लागते. त्या मोहिमेवर गेलेल्या सहस्रावधी लोकांचे काय झाले हे त्यांच्या घरच्यांना कधीच निश्चितपणे कळले नाही. पार्वतीबाईंच्या आशेसारखी आशा गावोगाव कित्येक घरांत असली पाहिजे. भाऊ परत येऊ शकतात, तर आपलाही मनुष्य परत येऊ शकेल, असा तो हिशेब होता. तोतयाचा खोटेपणा ज्यांना ठाऊक होता ते नाना फडणीस व महादजी शिंदे हे दोघेही पानिपतातून जिवंत परतलेले होते, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

भाऊंच्या बाबतीत खरे मानलेले माणूस खोटे निघाले. साताऱ्यास याहून गहन प्रकार घडून गेला होता. शाहू महाराजांना पुत्र नव्हता. त्यांच्या अखेरच्या काळात ताराबाईंनी असे प्रकट केले की, आपला एक नातू जन्मतःच शत्रूंच्या भयाने लपवून वाढविण्यात आला आहे. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू निवर्तल्यावर त्या मुलाला, म्हणजे रामराजाला, गादीवर आणण्यात आले. पुरावा म्हणून ताराबाईंनी लोकांसमक्ष त्याच्यासह भोजन करावे व त्या अन्नाची शपथ घेऊन तो आपला नातू असल्याचे सांगावे, असे ठरले. राज्याचा वारसा ठरविणारा हा विधी म्हणजे एका घरातील पंगत होती. वर्षाच्या आत राजा आपल्या सल्ल्याने वागत नाही असे दिसताच ताराबाईंनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात अटकेत टाकले. आणि १७५२ मध्ये जेजुरीस, पेशव्यांशी समेट होताना, तो आपला नातू नव्हे, गोंधळ्याचा मुलगा आहे, अशी शपथ वाहिली. पहिली शपथ खरी की दुसरी, हे ठरविण्याचे साधन ताराबाईंच्या मनाबाहेर कोठेही नव्हते. पुरंदरावर १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले तेव्हाही अशाच कुजबुजी उठल्या. गंगाबाईंसमवेत इतर गर्भवती ब्राह्मण स्त्रिया गडावर नेल्या होत्या, ही वदंता ग्रँट डफपर्यंत पोहोचलेली आहे.

जेथे सत्ता रक्ताने चालते तेथे घरचे गुपित आणि राज्याचे गुपित यांत भेद उरत नाही. १६०५ साली मॉस्कोच्या गादीवर बसलेला तोतया दिमित्री, किंवा १९०९ मध्ये दार्जिलिंगला मृत मानलेला आणि १९२१ मध्ये ढाक्यात संन्याशाच्या वेषात प्रकटलेला भावालचा कुमार, यांच्या कथा याच नियमाने घडल्या. भावालच्या वादाचा अखेरचा निकाल तर प्रिव्ही कौन्सिलकडून १९४६ साली लागला.

परंतु राजवाड्यांच्या या कथा सामान्य वाचकाला एवढ्या आपल्या का वाटाव्यात? याचे उत्तर मराठवाड्यात विशेष स्पष्ट मिळते. निजामी राज्यात पाटीलकी, पटवारगिरी, देशमुखी, देशपांडेपण ही सर्व वंशपरंपरागत होती. सालारजंगाच्या १८६५ च्या जिल्हाबंदीने देशमुख-देशपांड्यांचा वसुलीचा अधिकार गेला, तरी त्याच्या बदली मिळणारा रुसूम वंशातच चालला. जहागिरी नष्ट झाल्या त्या १९४९ मध्ये. इनामांचे विसर्जन त्याहूनही पुढे लांबले. तोपर्यंत या भागातील वतनदार घरांत रुमालात बांधलेली सनद, दत्तकपत्र वा महजर हीच खरी मिळकत असे. दत्तक विधिपूर्वक झाला की नाही, थोरली शाखा कोणती, परागंदा झालेल्या भावाला संतती होती काय, या प्रश्नांच्या उत्तरांवर शेत, मानपान आणि पोळ्याच्या दिवशी कोणाचा बैल पुढे हे अवलंबून असे. ज्याने आपल्या आजीच्या तोंडून असा एखादा प्रवाद ऐकला आहे त्याला ताराबाईंची शपथ परकी वाटण्याचे कारण नाही.

मराठी लेखकांनी ही भूक ओळखली होती. गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांचा आधार घेऊन ज्या रहस्यमय कथा रचल्या त्यांतील एकीचे नावच 'बंधुद्वेष' आहे. लंडनच्या अंधाऱ्या गल्ल्यांतील कारस्थाने मराठीत सहज रुजली, कारण त्यांना लागणारी माती, म्हणजे वारसाची चिंता, येथे आधीच तयार होती. रंगभूमीवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' १९०९ मध्ये आणि नरसिंह चिंतामण केळकरांचे 'तोतयाचे बंड' १९१३ मध्ये आले. 'धरावे'चे 'मारावे' झाल्याची आख्यायिका तर कोणत्याही नाटकाहून अधिक पसरली. एक अक्षर, एक स्त्री, एक बंद दालन : कारस्थानकथेला याहून अधिक सामग्री लागत नाही. सर्व दोष आनंदीबाईंच्या लेखणीवर टाकल्याने गारद्यांचा थकलेला पगार, कारभाऱ्यांची बेफिकिरी व रघुनाथरावांची महत्त्वाकांक्षा यांची चर्चा मात्र मागे पडली. हा या कथांचा खरा दोष होय. त्या कारणांच्या जागी एक गुन्हेगार देतात.

दुसरा फरक शेवटाचा आहे. कादंबरीत पेटी उघडते, जन्मखूण सापडते, खरा वारस गादीवर बसतो. सातारच्या दप्तरात तसे झाले नाही. ताराबाईंच्या जेजुरीच्या शपथेनंतरही पेशव्यांनी रामराजाला छत्रपती म्हणून कायम ठेविले. कारण खऱ्याखोट्यापेक्षा गादी रिकामी न राहणे त्यांना अधिक महत्त्वाचे होते. तोतया भाऊला देहदंड झाल्यानंतर एका वर्षाने, डिसेंबर १७७७ मध्ये, रामराजा छत्रपती म्हणूनच निवर्तला. त्याच्यामागे वावीच्या भोसल्यांच्या घराण्यातून दत्तक घेतलेला मुलगा दुसरा शाहू म्हणून गादीवर आला.