पीपी नंबर ते पीडीओ: झोपडपट्टीत फोन नेमका कधी पोचला?

तुमच्या संशोधनाचा विषय शहर असो, स्थलांतर असो की तंत्रज्ञान, एक आकडा कुठे ना कुठे भेटतोच. टेलिडेन्सिटी. दर 100 माणसांमागे किती फोन, एवढाच त्याचा अर्थ. 1991 साली भारतात हा आकडा जेमतेम 0.6 होता. देशभर मिळून सुमारे 50 लाख फोन, आणि प्रतीक्षायादीत आणखी 20 लाखांच्या आसपास अर्ज. हे वाचलं की आपण पटकन लिहून मोकळे होतो: ‘नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला शहरी गरिबांपर्यंत फोन पोचलाच नव्हता.’

जरा थांबा. टेलिडेन्सिटी मोजते फोनच्या जोडण्या. त्या फोनवर बोलणारी माणसं ती मोजत नाही. धारावीतल्या एका गल्लीत एक फोन असेल आणि अख्खी गल्ली तो वापरत असेल, तरी हिशेबात तो एकच धरला जातो. आजच्या पोस्टमध्ये मला हेच दाखवायचं आहे: मुंबईच्या झोपडपट्टीत ‘परवडणारा फोन’ आला तो मालकीचा म्हणून नाही, वाटून घेतलेला म्हणून. आणि मालकी मोजणाऱ्या साधनांना हा सगळा इतिहास दिसत नाही.

सुरुवात ‘पीपी’पासून करू. तुमच्या घरात जुनी लग्नाची बायोडेटा, व्हिजिटिंग कार्डं किंवा पत्रिका असतील तर बघा. नंबरापुढे कंसात ‘पी.पी.’ लिहिलेलं सापडेल. मूळ शब्द ट्रंक कॉलच्या जमान्यातला, ‘पर्टिक्युलर पर्सन’: ठराविक माणूस लाइनवर आला तरच कॉल धरायचा. लोकांनी मात्र त्याचा सरळ अर्थ लावला: फोन शेजाऱ्यांचा आहे, आम्हाला बोलावून देतील. चाळीत, वस्तीत, किराणा दुकानात, डॉक्टरच्या दवाखान्यात असे नंबर असायचे. निरोप यायचा, पोरगं पळत जायचं, आणि समोरचा माणूस तोवर पैसे मोजत थांबायचा. ही व्यवस्था कुठल्याही सरकारी कागदात ‘योजना’ म्हणून सापडत नाही, पण ती चालत होती आणि तिचे नियमही होते. जेवणाच्या वेळी फोन करायचा नाही, रोज रोज करायचा नाही, आणि दिवाळीला त्या शेजाऱ्यांकडे फराळ नक्की पोचवायचा.

मग वस्तीतल्या लोकांनी स्वतःचा फोन का घेतला नाही? पैसे हे एक कारण होतंच. जास्तीचं डिपॉझिट भरून रांगेत पुढे जायची सोय ‘ओन युअर टेलिफोन’ योजनेत होती, पण ती कुणासाठी होती हे वेगळं सांगायला नको. मला त्याहून महत्त्वाचं कारण पत्त्याचं वाटतं. फोन जोडायचा तर घराला पत्ता हवा आणि तो सिद्ध करणारा कागद हवा. 1976 च्या जानेवारीत राज्य सरकारनं मुंबईतल्या झोपड्यांची गणना केली आणि ओळख म्हणून फोटोपास दिले. त्यानंतर आलेल्यांचं काय, हा प्रश्न पुढची कित्येक वर्षं न्यायालयात आणि निवडणुकीत गाजत राहिला. संरक्षणासाठीची मुदतीची तारीख पुढे सरकत 1 जानेवारी 1995 वर आणि मग 1 जानेवारी 2000 वर आली. ज्या घराच्या असण्यावरच सरकारचं एकमत नाही, त्या घरापर्यंत केबल कोण टाकणार? पदपथावर राहणाऱ्यांची अवस्था तर आणखी बिकट. 1985 साली ‘स्पार्क’ या संस्थेनं भायखळा परिसरातल्या पदपथवासीयांचं सर्वेक्षण केलं, त्याच्या अहवालाचं नावच ‘वुई, द इन्व्हिजिबल’ होतं. मुद्दा असा, की फोनची किंमत फक्त रुपयांत नव्हती, ती रेशनकार्डातही होती.

आता गोष्ट थोडी मुंबईबाहेर न्यावी लागेल, कारण शहरी वस्तीतल्या फोनचा निम्मा इतिहास खेड्यात घडला आहे. साधा विचार करा. गिरणगावातल्या किंवा धारावीतल्या माणसाला फोन करायचा असायचा तो बहुतेक वेळा गावी. कोकणात, साताऱ्याला, तिरुनेलवेलीला, उत्तर प्रदेशात. तिकडे फोनच नसेल तर इकडचा स्वस्त फोन काय कामाचा? 1984 साली सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदा हे तिच्यामागचं सगळ्यात गाजलेलं नाव. 36 महिने आणि 36 कोटी रुपये, असा वायदा होता. संस्थेनं काय साधलं आणि काय नाही यावर पुष्कळ वाद झाले, ते इथे सोडून देऊ. माझ्या दृष्टीनं तिचं मोठं काम म्हणजे 128 लाइनींचं छोटं ग्रामीण एक्स्चेंज. 1986 साली ते कर्नाटकात कित्तूरला बसलं. त्याचं वैशिष्ट्य सांगायला फार साधं आहे: त्याला एअर कंडिशनर लागत नव्हता. परदेशातून आणलेल्या यंत्रणांना थंड, धूळ नसलेली खोली हवी असायची. ती खोली तालुक्याच्या गावात कुठून येणार? धूळ आणि ऊन सहन करणारं यंत्र निघालं आणि लाइनीचं दुसरं टोक तयार झालं.

पहिलं टोक म्हणजे पिवळ्या पाटीचं बूथ. एसटीडी, आयएसडी, पीसीओ. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ही बूथं पसरायला लागली आणि नव्वदच्या दशकात नाक्यानाक्यावर दिसू लागली. काचेची केबिन, लाल आकड्यांचा मीटर, बोलणं संपलं की छापून येणारी चिठ्ठी. नाणं टाकून चालणारे सार्वजनिक फोन त्याआधीही होते, पण ते एकटे उभे असायचे आणि बरेचदा बिघडलेले असायचे. पीसीओमध्ये माणूस बसलेला होता. त्याला प्रत्येक कॉलमागे कमिशन मिळायचं, त्यामुळे फोन चालू ठेवणं हा त्याच्या पोटाचा प्रश्न होता. अपंग व्यक्तींना ही बूथं देताना प्राधान्य होतं. शहरातल्या कितीतरी अपंग माणसांचा संसार या धंद्यावर उभा राहिला. यावर स्वतंत्र प्रबंध व्हायला हवा. विषय शोधत असाल तर हा घ्या.

या बूथमध्ये ‘परवडणं’ कसं घडत होतं, ते बारकाईनं बघण्यासारखं आहे. डिपॉझिट नाही, पत्त्याचा पुरावा नाही, महिन्याचं भाडं नाही. जेवढं बोललात तेवढे पैसे, आणि मीटर समोरच असल्यामुळे खिशातले पैसे संपायच्या आत फोन ठेवता यायचा. एसटीडीचे दर अंतरावर आणि वेळेवर ठरायचे. रात्री उशिरा ते दिवसाच्या एक-चतुर्थांशावर यायचे, म्हणून त्या वेळी बूथबाहेर रांग लागायची. ज्यांना नंबर फिरवता येत नव्हता त्यांना बूथवाला लावून द्यायचा. चिठ्ठीवरचा गावचा नंबर वाचून दाखवायचा, ओळखीच्यांचे पैसे वहीत मांडून ठेवायचा, आणि आलेले निरोप पोचवायचा. गावाकडचा फोनही बहुधा पोस्टात किंवा दुकानातच. त्यामुळे आधी पत्रानं वेळ ठरायची, ‘रविवारी सकाळी नऊला दुकानात येऊन थांब’. म्हणजे फोन करायला पत्र लागायचं! नवं तंत्रज्ञान आलं की जुनं लगेच हद्दपार होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

मोबाइलची कहाणी तुम्हाला बरीचशी ठाऊक असेल, म्हणून भराभर सांगते. 31 जुलै 1995 ला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला. तेव्हा मिनिटाचा दर 16 रुपयांपर्यंत जायचा आणि आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. वस्तीशी त्याचा काही संबंध नव्हता. फरक पडला 2003 मध्ये. त्या वर्षीच्या मे महिन्यापासून इनकमिंग फुकट झालं, आणि जुलैत रिलायन्सनं 501 रुपये आधी भरून हँडसेट देण्याची योजना आणली, बाकीची रक्कम हप्त्यांनी. त्याच वर्षी टॉर्चवाला नोकिया 1100 आला. या तिन्हींत मी सगळ्यात जास्त वजन फुकट इनकमिंगला देते. कारण त्यानं फोन म्हणजे खर्च न करताही हाती असलेला नंबर झाला. प्लंबर, मोलकरीण, नाका कामगार यांना कामासाठी बोलावता येऊ लागलं. पीपी नंबर देणारा शेजारी मध्ये उरला नाही. प्रीपेड, 10 रुपयांचा छोटा रिचार्ज आणि मिस्ड कॉल यांनी उरलेलं काम केलं. मिस्ड कॉल हा तर शुद्ध लोकांचा शोध: कंपनीला एक पैसाही न देता ‘पोचलो’ असं कळवायची सोय.

परिणाम 2011 च्या जनगणनेत दिसतो. देशातल्या झोपडपट्टीतल्या सुमारे 73 टक्के घरांत फोन होता. त्याच घरांपैकी पिण्याच्या पाण्याची सोय आवारात असलेली होती सुमारे 57 टक्के. नळाआधी फोन आला, हे वाक्य मग वर्तमानपत्रांत फार आवडीनं छापलं गेलं. त्यातला कुत्सित सूर मला पटत नाही. नळ आणायला महापालिकेची परवानगी लागते, मोबाइलला तारही लागत नाही. लोकांनी पाण्याऐवजी फोन ‘निवडला’ नव्हता. जे विकत मिळत होतं ते घेतलं.

पण इथेही आकड्याकडे नीट बघा. जनगणना विचारते, घरात फोन आहे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण स्त्रियांना वेगळा प्रश्न विचारतं: तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल आहे का? 2019 ते 2021 च्या फेरीत ‘हो’ म्हणणाऱ्या स्त्रिया देशभरात सुमारे 54 टक्केच होत्या. दोन्ही आकडे खरे आहेत. 2020 मध्ये शाळा फोनवर आली, तेव्हा या दोन प्रश्नांमधलं अंतर घराघरांत उघडं पडलं. घरात एक फोन, तो वडलांच्या खिशात, वडील कामावर, आणि दोन मुलांचे वर्ग सकाळी दहालाच. जनगणनेच्या रकान्यात हे घर फोनवालं घर.

शेवटचा टप्पा अजून चालू आहे, आणि तो मला काळजीचा वाटतो. 2016 नंतर डेटा खूप स्वस्त झाला हे खरं. पण 2018 च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी 35 रुपयांचा किमान रिचार्ज आणला. तो केला नाही तर काही दिवसांनी इनकमिंगही बंद. 2024 च्या जुलैतल्या दरवाढीनंतर 28 दिवसांचा साधा प्लॅन 200 रुपयांच्या आसपास गेला. एका जीबीमागचा दर पाहिला तर हे जगातल्या स्वस्त दरांपैकी आहे. मात्र रोजंदारीवर जगणारा माणूस जीबीच्या भावानं विचार करत नाही. एका वेळी हातातून किती सोडावे लागतात, हे तो बघतो. नाण्याच्या फोनवर ती रक्कम एक रुपया होती.

सरकारी धोरणात पीसीओची आठवण मात्र टिकून आहे. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत छोट्या दुकानदारानं वायफाय विकायचं, परवाना नाही, शुल्क नाही. अशा दुकानाला नाव दिलं ‘पब्लिक डेटा ऑफिस’, पीडीओ. नावातच जुनी पिवळी पाटी आहे. 2018 च्या दूरसंचार धोरणात 2022 पर्यंत 1 कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचं लक्ष्य होतं. प्रत्यक्ष संख्या त्याच्या जवळपासही गेली नाही. माझा अंदाज असा: परवान्याची कटकट काढली, पण काउंटरमागचा माणूस परत आणला नाही. वायफायचा पासवर्ड विकून दुकानदाराला काय सुटतं, आणि फॉर्म भरून द्यायला, व्हिडिओ कॉल लावून द्यायला तो वेळ का देईल, याचं उत्तर योजनेत सापडत नाही.

या विषयावर काम करायचं असेल तर साधनांसाठी फक्त अभिलेखागारावर अवलंबून राहू नका. तिथे एक्स्चेंजची क्षमता आणि महसूल मिळेल. जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत एखाद्या वस्तीच्या नावाखाली कोणकोणती दुकानं येतात ते मोजा. बायोडेटा, पत्रिका, मंडळांच्या स्मरणिकांतल्या जाहिराती यांतले पीपी नंबर टिपा. एकच नंबर चार वेगवेगळ्या कुटुंबांच्या पत्रिकेत सापडला तर वाटून घेण्याचं ते जाळंच तुमच्या हाती आलं. आणि मुलाखतीत ‘तुम्ही फोन कधी घेतलात?’ असं विचारू नका. ‘पहिला फोन कुठून केलात, कुणाला, आणि नंबर कुणी लावून दिला?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला एक साल मिळतं. दुसऱ्याला लोक खुर्ची पुढे ओढतात.