तारेवर कान ठेवणारा माणूस

आमच्या छापखान्यात डीटीपीची मशिनं विंडोजची आणि फाइली लिनक्सच्या सर्व्हरवर. दोघांना जोडतो सांबा नावाचा प्रोग्रॅम. नव्या मुलाला मी तो बसवायला शिकवतो: एसएमबी डॉट कॉन्फमध्ये शेअरचं नाव, खाली पाथ, ‘रीड ओन्ली = नो’, मग एसएमबीपासवर्डने युजर, शेवटी टेस्टपार्म. अर्ध्या तासात विंडोजवर फोल्डर उघडतं. पण हे उघडावं म्हणून कुणी काय केलं, तेही त्याला सांगितल्याशिवाय मी सोडत नाही.

१९९१ संपत आलं होतं. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल पीएचडी करत होता. युनिक्स सर्व्हरवरची डिस्क त्याला आपल्या डॉसच्या पीसीवर हवी होती. पीसीवर डिजिटल कंपनीचं पाथवर्क्स होतं, पण ते सर्व्हरशी काय बोलतं हे सांगणारा कागद हाताशी नव्हता. मग त्याने तारेवरून जाणारी पाकिटं पकडणारा प्रोग्रॅम लिहिला. पीसी काय मागतो, सर्व्हर काय उत्तर देतो, हे बाइट-बाइट पाहिलं आणि तसंच उत्तर देणारा सर्व्हर युनिक्सवर उभा केला; तोच पुढे सांबा झाला. कुणाच्या कोडला हात लावला नाही. हे मला फार मोठं वाटतं.

या बोलण्याचा प्रोटोकॉल म्हणजे एसएमबी. पाकिटं पाहण्याच्या वायरशार्क प्रोग्रॅममध्ये मी तो मुलाला दाखवतो. जुन्या एसएमबीच्या प्रत्येक संदेशाच्या तोंडाशी एफएफ हा बाइट आणि लगेच एस, एम, बी ही अक्षरं. पुढच्या पिढीत एफएफच्या जागी एफई आलं, अक्षरं तीच राहिली. मूळ प्रोटोकॉल आयबीएमच्या बॅरी फायगेनबॉमचा, ऐंशीच्या दशकातला.

१९९२ च्या जानेवारीत ट्रिजेलने कोड सर्वांना दिला आणि बाजूला ठेवला. दोनेक वर्षांनी बायकोचा विंडोज पीसी आपल्या लिनक्सला जोडायचा होता, तेव्हा तो पुन्हा हातात घेतला. जेरेमी अ‍ॅलिसनसारखे लोक जोडले गेले, काम वाढलं. विंडोजच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तेच पाहणं पुन्हा करावं लागे.

मायक्रोसॉफ्टने या प्रोटोकॉलची माहिती इतरांना द्यावी, असा आदेश युरोपियन कमिशनने २००४ मध्ये दिला आणि सप्टेंबर २००७ मध्ये युरोपच्या न्यायालयाने तो कायम ठेवला. त्याच डिसेंबरात १०,००० युरो एकरकमी भरून सांबाच्या लोकांसाठी प्रोटोकॉलची कागदपत्रं मिळवली गेली. पंधरा वर्षं जे तारेवर ऐकून गोळा करावं लागलं, ते आता लिहिलेलं समोर होतं! डिसेंबर २०१२ मध्ये सांबा ४ आला, आणि लिनक्सचं मशीन विंडोजच्या नेटवर्कवर लॉगिन सांभाळणारा अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर म्हणूनही काम करू लागलं.